तीन वाजून छत्तीस मिनिटं

(सांगलीतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी आत्ता माझी ओळख ‘बेसबॉलचे अभ्यासक’ अशी करून दिली. ती जरा चढवून सांगितलेली आहे. मी 1984 साली पिट्सबर्गला गेलो तो धातुशास्त्र शिकायला. पोलादाचं शहर म्हणून हौसेनं गेलो आणि बघतो तर नदीकाठच्या भट्ट्या एकेक करून विझत चाललेल्या. बेसबॉल माझ्या वाट्याला आला तो शेजाऱ्यांमुळे. पोलाद कारखान्यात हयात घालवलेले गृहस्थ, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. तेव्हा आज जे बोलणार आहे ते निम्मं त्यांचंच समजा.

ते मला पहिल्यांदा त्या भिंतीपाशी घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी पुण्यतिथी असावी. 13 ऑक्टोबर, दुपारचा एक. विद्यापीठाच्या आवारात विटांची एक जुनी भिंत आहे, वेलींनी भरलेली. तिच्यासमोर माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली. थर्मास, सँडविचच्या पिशव्या, डोक्यावर काळ्या-पिवळ्या टोप्या. आणि रेडिओवर मॅच चालू. आजची नाही. 1960 सालची! पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज, वर्ल्ड सिरीज म्हणजे वर्षाच्या अजिंक्यपदाची मालिका, तिचा सातवा आणि निर्णायक सामना. दरवर्षी त्याच तारखेला, त्याच वेळेला, त्या दिवशीचं समालोचन पहिल्या चेंडूपासून लावतात. 1985 साली एक माणूस टेप रेकॉर्डर घेऊन तिथे एकटाच येऊन बसला होता. त्याचं पुढे हे एवढं झालं.

ज्यांना बेसबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन संघ, नऊ इनिंग्ज. प्रत्येक इनिंगमध्ये दोघांनाही बॅटिंग मिळते आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपते. चेंडू फेकणारा तो पिचर. बॅट फिरवून चेंडू हुकला किंवा मारण्याजोगा चेंडू सोडला की तो स्ट्राइक; असे तीन झाले की बॅटर बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर बेस असतात, ते सगळे फिरून आलं की एक धाव. फटका मारून बेसवर सुखरूप पोचलं की ती हिट. उडवलेला चेंडू कुंपणापार गेला की होम रन, मग बॅटर आणि बेसवर असलेले सगळे धाव काढतात. एवढ्यावर तुमचं भागेल.

त्या वर्षी पहिल्या सहा सामन्यांत तीन पायरेट्सनी जिंकले होते, तीन यांकीजनी. पण यांकीजनी जिंकलेले तीन सामने कसे होते? 16-3, 10-0, 12-0. सातही सामन्यांच्या धावा मोजल्या तर यांकीज 55 आणि पायरेट्स 27. आणि मालिका जिंकली पायरेट्सनी. सातव्या सामन्यात आठवी इनिंग आली तेव्हा यांकीज 7-4 ने पुढे होते. बिल व्हर्डननं एक साधा सरपटी फटका मारला, ज्यावर दोन गडी हमखास बाद व्हावेत असा. चेंडू जमिनीवरच्या कशाला तरी लागून उसळला आणि यांकीजच्या टोनी क्यूबेकच्या थेट गळ्यावर बसला. तो खाली कोसळला. तिथून सामना फिरला. हॅल स्मिथनं तीन धावांचा होम रन मारला, पायरेट्स 9-7 पुढे. नवव्या इनिंगमध्ये यांकीजनी बरोबरी केली. आणि मग बिल मॅझेरॉस्की. हा गडी नावाजलेला होता क्षेत्ररक्षणासाठी. त्यानं राल्फ टेरीचा चेंडू डावीकडच्या भिंतीपार भिरकावला. 10-9. घड्याळात तीन वाजून छत्तीस मिनिटं.

माझी मौज वेगळीच होती. त्या क्षणी रेडिओवरचा समालोचक चक थॉम्पसन दोन चुका करतो. एक तर पिचरचं नाव चुकवतो. टेरीच्या जागी तो आर्ट डिटमार म्हणतो, जो त्या वेळी बाहेर नुसता हात मोकळा करत होता. आणि वर आनंदाच्या भरात पायरेट्स 10-0 ने जिंकले म्हणून सांगून टाकतो. मग स्वतःला दुरुस्त करतो. पुढे पंचवीस वर्षांनी एका बिअरच्या जाहिरातीत हे समालोचन वापरलं, तेव्हा बिचारा डिटमार कोर्टात गेला, की तो होम रन माझ्या चेंडूवर नव्हता हो! निकाल त्याच्या बाजूनं लागला नाही. भिंतीपाशी बसलेल्या मंडळींना या चुका पाठ आहेत. त्या जवळ आल्या की माणसं आधीच हसायला लागतात, कीर्तनकाराची ठरलेली कोटी येणार म्हणून श्रोते हसतात ना, तशी.

तुम्ही म्हणाल, चित्रफीत नाही का? आहे. गायक बिंग क्रॉस्बी हा पायरेट्सचा भागीदार. सामना बघवणार नाही म्हणून तो पॅरिसला जाऊन बसला होता, पण टीव्हीवरच्या प्रक्षेपणाची फिल्म मात्र त्यानं उतरवून घेतली. ती 2009 साली त्याच्या घरच्या तळघरात सापडली, वाइनच्या बाटल्यांच्या सोबतीला. 2010 मध्ये पिट्सबर्गच्या एका थिएटरात ती दाखवली. मी पाहिली. कृष्णधवल, अर्थातच. छान होती. पण पुढच्या 13 ऑक्टोबरला सगळे परत भिंतीपाशी, रेडिओच. आपल्याकडे ज्यांनी बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलंय, त्यांना यात मी काही समजावून सांगायची गरज नाही.

आता त्या भिंतीची एक गंमत. ती फोर्ब्ज फील्ड या मैदानाची, 1909 साली उघडलेल्या. 1970 मध्ये तिथला खेळ बंद झाला, मग मैदान पाडलं आणि विद्यापीठानं इमारती उभ्या केल्या. भिंतीचा एक तुकडा तेवढा राहिला. बाहेरून आलेले लोक तिच्यावरून हात फिरवतात, फोटो काढतात, मॅझेरॉस्कीचा चेंडू इथूनच गेला म्हणून. तिथून नाही गेला! तो गेला बऱ्याच डावीकडून, आणि तिथली भिंत आता तिथे नाही, फुटपाथवर खूण आहे. मी हे शेजाऱ्यांना एकदा सांगायला गेलो. ते म्हणाले, “मला माहीत आहे. पण फुटपाथला टेकून बसता येत नाही.”

त्यांची रोजची तक्रार एकच: हा पूर्वीचा खेळ राहिला नाही. मी आधी मनातल्या मनात हसायचो, कारण ही तक्रार खेळाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेसबॉलमध्ये एक टप्पा पडून झेललेल्या चेंडूवरही बॅटर बाद व्हायचा. हो, आपल्या गल्लीतलं ‘वन टप्पा आउट’! 1865 पासून ते बंद केलं, आणि तेव्हाही त्यावरून वाद झाले. हातमोजे आले तेव्हा सुरुवातीला ते घालायची खेळाडूंना लाज वाटायची. 1920 नंतर होम रनचं युग आलं, आणि त्याआधीच्या जमान्याचा राजा टाय कॉब 1952 साली ‘लाइफ’ साप्ताहिकात लिहितो की आता खरा बेसबॉल कुणी खेळतच नाही. म्हणजे माझ्या शेजाऱ्यांच्या सोन्याच्या दिवसांच्या ऐन मध्यावर कॉब म्हणतोय की सोनं संपलं.

आणि या खेळाचा तर इतिहासच स्मरणरंजनातून रचलेला. 1907 मध्ये एका समितीनं निकाल दिला की ॲबनर डबलडे नावाच्या माणसानं 1839 साली कूपर्सटाउन या खेड्यात बेसबॉल शोधून काढला. डबलडे पुढे यादवी युद्धात जनरल झाला, पण 1839 साली तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत कॅडेट होता. बेसबॉल आपण काढला असं तो स्वतः कधी म्हणाला नाही. पण अमेरिकेला आपला खेळ हिरव्यागार खेड्यात जन्मलेला हवा होता. 1939 साली त्या दंतकथेच्या शंभरीला तिथे हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचं संग्रहालय, उघडलं, आणि लोक आजही भक्तिभावानं जातात. मीही गेलोय. गाव खरोखर सुंदर आहे.

पण हसून सोडून द्यावं असं सगळंच नव्हतं. शेजाऱ्यांनी एकदा मला एक गोष्ट दाखवून दिली आणि मी गप्प झालो. त्या 1960 च्या सामन्यात दोन्ही संघ मिळून एकही स्ट्राइकआउट नाही. शून्य. वर्ल्ड सिरीजमध्ये दुसरा असा सामना नाही. म्हणजे प्रत्येक बॅटरनं चेंडू कुठेतरी मारला किंवा पिचरचे चार चेंडू मारण्याजोग्या टापूबाहेर पडले म्हणून फुकट बेसवर गेला. मारलेल्या चेंडूमागे कुणीतरी पळालं, कुणीतरी पडलं, कुणाच्या गळ्याला लागलं. आता याच्यासमोर 2018 ठेवा. त्या मोसमात मोठ्या लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, इतिहासात पहिल्यांदा हिट्सपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. कारण संगणकानं सगळ्यांना पटवून दिलं की होम रनसाठी जिवाच्या आकांतानं बॅट फिरवा, चुकली तर चुकली. हिशेब चोख आहे. पण मैदानावरचे सात क्षेत्ररक्षक नुसते उभे राहून बघतात. शेजारी ज्याला ‘पूर्वीचा खेळ’ म्हणत होते त्याला आकडे होते.

वेळेचंही तेच. 1960 चा तो सामना, 19 धावांचा, दोन तास छत्तीस मिनिटांत संपला. 2021 मध्ये नऊ इनिंग्जच्या सामन्याची सरासरी तीन तास दहा मिनिटांवर गेली होती. प्रत्येक चेंडूआधी बॅटर हातमोज्यांचे पट्टे सोडणार, आवळणार, पिचर आभाळाकडे बघणार. शेवटी 2023 मध्ये पिच क्लॉक आणलं. बेसवर कुणी नसेल तर पिचरला 15 सेकंद, असेल तर 20, पुढच्या वर्षी ते 18 केले. सरासरी आली दोन तास चाळीस मिनिटांवर. आता यातली खोच बघा. या खेळाला घड्याळ नाही, ही जुन्या जाणत्यांची सर्वांत मोठी फुशारकी. फुटबॉल, बास्केटबॉल घड्याळावर चालतात, आमचा खेळ संपेल तेव्हा संपेल. आणि जुनी चाल परत आणायला शेवटी घड्याळच लावावं लागलं. शेजाऱ्यांना हे अजिबात रुचलं नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी शिव्या घातल्या. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, “मॅच बघून जेवायला वेळेत घरी पोचलो.”

पैशाचं फार बोलत नाही. पूर्वी खेळाडू एका संघाशी निष्ठावान असत, हे वाक्य तुम्हाला पिट्सबर्गच्या प्रत्येक बारमध्ये ऐकायला मिळेल. मॅझेरॉस्की सतरा मोसम खेळला, सगळे पायरेट्सकडूनच. पण 1975 च्या अखेरीपर्यंत करारातलं एक कलमच असं होतं की मालक सोडेपर्यंत खेळाडूला जाता येत नसे. तेव्हा निष्ठा किती आणि नाइलाज किती, हे त्या खेळाडूंनाच विचारायला हवं. दुसरी बाजूही सांगतो. दारं उघडल्यावर पैसेवाल्या शहरांनी गडी नेले आणि पायरेट्स 1993 ते 2012 सलग वीस मोसम जिंकण्यापेक्षा हरले जास्त. दोन्ही खरं आहे.

एका गोष्टीवर मात्र मला जरा थांबायचंय. फोर्ब्ज फील्डच्या त्याच गवतावर, पायरेट्स परगावी असले की होमस्टेड ग्रेज हा कृष्णवर्णीयांचा संघ खेळायचा. त्यात जॉश गिब्सन होता. त्याला मोठ्या लीगमध्ये कधी घेतलं नाही, कारण त्याचा रंग. तो जानेवारी 1947 मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. तीनच महिन्यांनी, 15 एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनकडून मोठ्या लीगमध्ये उतरला आणि रंगाची ती भिंत पडली. गिब्सनच्या थडग्यावर 1975 पर्यंत साधा दगड नव्हता. गिब्सनचाच दुसरा संघ पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स. त्यांचं स्वतःचं मैदान होतं, ग्रीनली फील्ड, त्याच शहरात, हिल भागात. 1932 मध्ये बांधलं, 1938 मध्ये पाडलं, वर सरकारी घरं झाली. तिथे खुर्ची टाकून बसायला विटांची भिंत नाही. 2024 साली कृष्णवर्णीयांच्या लीगमधले आकडे अधिकृत नोंदीत धरले आणि कारकिर्दीतल्या बॅटिंग सरासरीत गिब्सन .372 वर, म्हणजे दर हजार संधींमागे 372 हिट्सवर, पहिला आला, त्याच टाय कॉबच्या वर. शेजाऱ्यांना मी विचारलं होतं, तुमच्या ‘पूर्वी’मध्ये गिब्सन येतो का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्या वडिलांनी त्याला पाहिला होता. मला कधी नेलं नाही.

ते 1960 चा सामना दरवर्षी का ऐकायचे, तेही मला उशिरा कळलं. त्या दिवशी त्यांची दुपारी तीनची पाळी होती. आठवी इनिंग अर्धवट टाकून ते कारखान्याच्या फाटकातून आत गेले. मॅझेरॉस्कीचा होम रन त्यांना कळला तो बाहेर वाजलेल्या मोटारींच्या हॉर्नवरून. म्हणून भिंतीपाशी सगळ्यांसाठी स्पीकर लावलेला असला तरी ते आपला ट्रान्झिस्टर घेऊन यायचे. तो लावत नसत. मांडीवर ठेवत, बास.

आणखी एक तारीख सांगतो. 13 ऑक्टोबर 1971. बरोबर अकरा वर्षांनी, त्याच पिट्सबर्गमध्ये, नव्या काँक्रीटच्या थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये वर्ल्ड सिरीजचा पहिला रात्रीचा सामना झाला. टीव्हीला रात्रीचे प्रेक्षक हवे होते आणि ते मिळाले. मग एकेक सामना रात्रीकडे सरकत गेला. वर्ल्ड सिरीजमधला शेवटचा दिवसाचा सामना 1987 चा, तोही छताखालचा. शाळेत दप्तराआड ट्रान्झिस्टर लपवून ऐकायचं, कारखान्याच्या फाटकावर स्कोअर विचारायचा, न्हाव्याच्या दुकानापुढे घोळका करायचा, हे सगळं त्या दुपारींबरोबर गेलं.

मी शेवटचा त्यांच्याबरोबर गेलो त्या वर्षी ऊन छान होतं. तीन छत्तीस झाले, टाळ्या झाल्या, 10-0 वर हशा झाला. खुर्च्या घडी करताना मी म्हटलं, आज प्लेऑफची मॅच आहे, संध्याकाळी माझ्याकडे या, मोठा टीव्ही आहे.

“किती वाजता?”

“आठनंतर.”

“मी नऊला झोपतो,” ते म्हणाले, आणि ट्रान्झिस्टर खिशात घालून गाडीकडे चालू लागले.