पाळी, पिशवी आणि बाईची सही

नमस्कार. सांगली-साताऱ्याच्या गावागावांतून ऐकणाऱ्या माझ्या बहिणींनो, आणि गोठ्यात रेडिओ लावून धार काढत बसलेल्या भावांनो, आज मला पाळीबद्दल बोलायचं आहे. आवाज बारीक करू नका. घरातल्या पोरांनाही ऐकू द्या.

गौरी-गणपती जवळ आले की दवाखान्यात एक मागणी हमखास येते, "डॉक्टर, पाळी पुढे ढकलायची गोळी द्या." कधी सासू येते, कधी नवरा. जिला गोळी घ्यायची ती घरी पुरणाच्या तयारीत असते. बरेच जण तर दवाखान्यात येतच नाहीत, मेडिकलमधून परस्पर नेतात. ही गोळी अंगात काय करते ते सांगते.

अंडाशयातून बीज बाहेर पडलं की तिथेच प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही, की साधारण दोन आठवड्यांनी हे संप्रेरक ओसरतं, अस्तर सुटतं आणि पाळी येते. गोळीतही त्याच जातीचं संप्रेरक असतं. ती चालू असते तोवर अस्तर सुटत नाही, थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. बाईला स्वतःलाच हवी असेल आणि तिने आधी डॉक्टरांकडून स्वतःला तपासून घेतलं, तर माझी हरकत नाही. पण जिला पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे किंवा यकृताचा आजार आहे, तिला ही गोळी धोक्याची. शिवाय या गोळीने दिवस राहायचे थांबत नाहीत, हेही पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. सोळा भाज्या निवडायच्या तिनेच, रांधायचं तिनेच, आणि वर अंगाचा क्रमही तिनेच बदलायचा, हे मला पटत नाही.

पाळी बरोबर २८ दिवसांनीच यायला हवी असं काही नाही. २१ ते ३५ दिवसांचं चक्र सर्वसाधारण धरतात. बीज सुटायच्या सुमारास अंगावरून जाणारा स्राव अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा तार धरतो. तो रोग नव्हे. बीज सुटल्यावर अंगाची उष्णता किंचित, साधारण अर्ध्या अंश सेल्सिअसपर्यंत, वाढते. पोटाला नीट मिळालं नाही, मोठं आजारपण आलं, मनावर ताण आला, तर मेंदू बीज सोडणं लांबणीवर टाकतो. अंगावर पिणारं बाळ असेल तर महिनोन् महिने पाळी येत नाही. मात्र पाळी परतायच्या आधीच बीज सुटू शकतं, म्हणून त्या काळातही दिवस राहतात. मृगाचा पाऊस पडला की लगेच कुणी औत घालत नाही. मातीचा गोळा हातात दाबून बघतो, वाफशाची वाट बघतो. रानाची इतकी दखल घेणाऱ्या घरात बाईच्या अंगाची कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता उसाच्या फडाकडे येते. दिवाळीच्या सुमारास बीडकडची जोडपी आपल्या कारखान्यांवर येतात आणि कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली, त्यामुळे खाडा पडला की पैसे कापले जातात. अशीच एक पोरगी, तिशीही न गाठलेली, माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "बाई, पिशवी काढून टाका, दर महिन्याची कटकट मिटंल." तपासलं तर जंतुसंसर्ग होता. फडात ना आडोसा ना पाणी, एकच कापड दिवसभर. गोळ्यांनी बरी झाली. पण सगळ्याच जणी अशा वाचत नाहीत. २०१९ साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवी काढली की पाळी कायमची जातेच, पण तिच्याबरोबर अंडाशयंही काढली तर ऐन पंचविशी-तिशीत अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. तो ऊस आपल्याच जिल्ह्यांत गाळला जातो, म्हणून हा प्रश्न बीडचा म्हणून सोडून देता येत नाही.

कायदा बाईच्या बाजूने आहे, पण तो कोपीपर्यंत पोचत नाही. पोटाची तपासणी करायला म्हणून भूल दिलेल्या एका बाईचं गर्भाशय तिच्या आईच्या होकारावर काढलं होतं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही संमती नव्हेच. नसबंदीला नवऱ्याची सही लागत नाही. गर्भपाताच्या कायद्यातही अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने अविवाहित मुलींनाही २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीत जागा मिळाली. पण मुलगी आहे म्हणून गर्भ पाडायला लावणं, याला बाईची मर्जी म्हणू नका. २०१७ साली मिरज तालुक्यातल्या म्हैसाळच्या ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण निघाले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

तर बहिणींनो, कुणी "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल" म्हणालं, तर तिथल्या तिथे तारीख घेऊ नका. रिपोर्ट हातात मागा. मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. औषधाने भागेल का, आणि अंडाशयं ठेवणार की काढणार, हे विचारा. फॉर्म मोठ्याने वाचून घ्या, आणि उत्तर मिळेपर्यंत पेन हातात धरू नका. नमस्कार.