चालू वाहिनीला हात लावताना

ही लोखंडी चकती पुढच्या रांगेत देतो, मागेपर्यंत जाऊ द्या. १०० मिलिमीटर व्यासाची आहे. नीट पाहिलंत तर ती सपाट नाही, थोडी बाकदार आहे, कारण ती एका पाइपच्या अंगातून कापलेली आहे. कापली तेव्हा त्या पाइपमधून भर दाबाने पाणी वाहत होतं.

पाणी बंद करून दुरुस्ती का करत नाही, असं लोक हमखास विचारतात. मुंबईचंच घ्या. सात तलावांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी शहरात येतं, त्यातल्या तानसाचं तर १८९२ पासून. मोठी वाहिनी बंद केली की वस्त्या कोरड्या पडतात, ते सगळ्यांना दिसतं. जे दिसत नाही ते जास्त वाईट. दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर पडतं. दाब गेला की त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत येतं, आणि शेजारून गटार जात असेल तर गटाराचं येतं. पुन्हा भरताना आत हवा कोंडते. चावीवाल्याने घाईने व्हॉल्व्ह फिरवला तर पाण्याचा असा तडाखा बसतो की भलतीकडेच सांधा निखळतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे वाहिनी चालू ठेवूनच काम करावं, असं माझं ठाम मत आहे.

त्याची रीत म्हणजे हॉट टॅपिंग, चालू वाहिनीलाच भोक पाडून फाटा काढणं. दोन अर्ध्या भागांचा टी, म्हणजे बाजूला फाटा असलेला जोड, पाइपभोवती बसवून वेल्ड करतात. त्यावर पूर्ण उघडणारा व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हवर कापायचं मशीन. हे सगळं गळत नाही ना, याची दाब देऊन चाचणी झाल्याशिवाय कापायला घ्यायचं नाही. मग उघड्या व्हॉल्व्हमधून कटर खाली जातो. आधी मधला ड्रिल पाइप भेदतो, पाणी मशीनमध्ये भरतं आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. त्यानंतर गोल कटर चकती कापतो. ड्रिलला असलेल्या स्प्रिंगच्या तारा ती धरून ठेवतात, नाहीतर ती वाहून पुढच्या एखाद्या व्हॉल्व्हमध्ये अडकायची. कटर वर ओढला की व्हॉल्व्ह बंद. ३०० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह आणि १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असेल, तर मशीनमधला दाब सोडल्यावर त्याच्या दारावर सुमारे ७ टनांचा भार असतो.

पण खरी परीक्षा कापताना नसते, वेल्डिंगला असते. स्टीलची भिंत ६.४ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर वेल्डिंगचा आर्क, म्हणजे विजेची धगधगती ज्योत, आरपार जाण्याची धास्ती वाढते. आतलं वाहतं पाणी उष्णता ओढून नेतं, त्यामुळे भिंत वाचते. पण तेच पाणी वेल्डला इतक्या झपाट्याने थंड करतं की शेजारचं स्टील कडक आणि ठिसूळ होतं. त्यात ओलाव्यातून हायड्रोजन शिरलेला असेल तर तडा जातो, आणि तोही कधी काही तासांनी. म्हणून वेल्डिंगला कमी हायड्रोजनचे रॉड लागतात, ओव्हनमध्ये तापवून कोरडे ठेवलेले. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड मी वेल्डरच्या हातात पडू देत नाही. टीचा पाइपभोवतीचा गोलाकार वेल्डही दोन्ही टोकांना एकदम करू नये. एक टोक पूर्ण करून थंड होऊ द्यावं, मग दुसरं. ऑक्सिजन, क्लोरीन किंवा ॲसिटिलीनच्या चालू वाहिनीवर मात्र वेल्डिंग करायचंच नाही.

तुकडाच बदलायचा असेल तर दोन्ही बाजूंना असे टॅप घेतात, बायपास जोडून प्रवाह वळवतात आणि मिटलेली बुचं टॅपमधून आत सोडून, ती उघडून मधला भाग अडवतात. छोट्या गळतीला रबर लावलेला क्लॅम्प पुरतो. बाहेरून गंजून पातळ झालेल्या, पण न गळणाऱ्या पाइपला काचतंतूंचं वेष्टनही चालतं. गंज आतून चढत असेल तर त्या वेष्टनावर विसंबू नये, कारण खाली भिंत झिजतच राहते.

चकती मागच्या रांगेत पोहोचलेली दिसते. आता तिच्या कडेवरून बोट फिरवा. एका बाजूला ती पातळ लागेल. वरून रंग दिलेला तो पाइप सगळीकडे सारखाच दिसत होता. ही बाजू आम्हाला वेल्डिंगच्या आधीच माहीत होती, कारण जिथे टी बसवायला सांगितला होता तिथे अल्ट्रासॉनिक मापक, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणारं यंत्र, फिरवल्यावर भिंत तिथे फारच झिजलेली निघाली आणि आम्ही टी हात-दीड हात पुढे सरकवला.