पुण्यातले पन्नास हजार म्हणजे किती डॉलर?

(सदाशिव पेठेतलं जुनं सलून. कात्रीचा आवाज.)

वीस मिनिटं, एक कात्री, एक वस्तरा, शेवटी मानेवर थोडी पावडर. झुरिकच्या सलूनमध्येही याहून फारसं वेगळं काही होत नाही. पण तिथल्या एका बिलात पुण्यात वर्षभर केस कापून वर चहा-क्रीमरोलचेही पैसे निघतात.

फरक हातातल्या कसबाचा नाही. औषधं आणि यंत्रं बनवणारा स्विस कामगार तासाला फार मोलाचा माल काढतो, म्हणून त्याचा पगार मोठा. सलूनवाल्याला कारागीर टिकवायचा तर त्या पगाराच्या जवळपास जावंच लागतं. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं.

म्हणून परदेशातला पगार बँकेच्या दराने गुणायचा आणि ‘बापरे’ म्हणायचं, हा हिशेब फसतो.

(मंडई. तराजू, भाजीचे ढीग.)

जागतिक बँकेच्या तुलना कार्यक्रमात देशोदेशीच्या वस्तू आणि सेवांचे भाव गोळा होतात. त्यातून निघतो क्रयशक्तीचा दर. 2017 साली बाजारात डॉलर 65.12 रुपयांना होता. पण अमेरिकेत डॉलरभर पैशांत जे येतं, ते भारतात घ्यायला सरासरी 20.65 रुपये पुरत होते. म्हणजे तेव्हा पुण्यात 50,000 रुपये हातात पडणारा माणूस बँकेच्या हिशेबाने 768 डॉलरवाला, आणि क्रयशक्तीच्या हिशेबाने 2,421 डॉलरवाला.

इथेच जरा थांबा. 20.65 हा आकडा सगळ्या जीडीपीचा. त्यात उड्डाणपूल आणि सरकारी खर्चही आला. पगाराची तुलना करताना घरगुती खर्चाचा वेगळा दर मिळतो, तो घ्यावा. शिवाय आयफोन किंवा परदेशी विद्यापीठाची फी क्रयशक्तीच्या दराने मिळत नाही, तिथे बाजारभावच लागतो. आणि देशाला दर एकच: बाणेरचं भाडं आणि परांड्याचं भाडं एकाच सरासरीत.

‘भारताचा सरासरी पगार’ वाचलात तर आधी विचारा, कोणाचा? 2023-24 च्या श्रमबल सर्वेक्षणात काम करणाऱ्यांपैकी नियमित पगारदार होते 21.7 टक्के. 58.4 टक्के लोक स्वयंरोजगारात, म्हणजे रिक्षावाला, भाजीवाली, शेतकरी. पगाराच्या सरासरीत ते नसतातच.

(पगाराची स्लिप, जवळून.)

पुण्यातल्या स्लिपवर पीएफ कापला जातो, व्यवसाय कर 200 रुपये, फेब्रुवारीत 300. जर्मनीत एकट्या माणसाच्या सरासरी पगारातून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापलं जातं. ऐकून धक्का बसतो, पण त्यात आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी भत्ता आला, आणि सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. पुणेकराचा मेडिक्लेम, मुलांची फी, एप्रिल-मे मधलं सोसायटीच्या टँकरचं बिल हे सगळं ‘हातात’ आलेल्या पैशांतूनच जातं. ते वजा करा, मग तुलना.

शेवटी तास. जर्मनीत माणशी वर्षाला सुमारे 1,350 तास काम होतं. अर्धवेळ काम करणारे पुष्कळ असल्याने हा आकडा खाली येतो, हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडे 48 तासांचा आठवडा, वर्षाला 50 आठवडे धरले तर 2,400. पगाराला तासांनी भागा.

हिंजवडीच्या चौकात गाडीत बसून गेलेले तास यात धरलेले नाहीत.