पिल्ली म्हणजे मांजर

(सोलापुरात पालक, शिक्षक आणि अंगणवाडी सेविकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर शहराच्या पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या पुष्कळ आया-बहिणी बसल्यात. हातातलं सूप खाली ठेवून दोन तास इथं येऊन बसायचं म्हणजे दोनशे विड्यांची मजुरी सोडायची. ते मला ठाऊक आहे, म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बालवाडीबद्दल कामाचं तेवढंच बोलते.

माझी आई विड्या वळायची. अशोक चौकाच्या मागं आमची एक खोली होती. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड. आई सकाळी आदल्या दिवशीचा माल घेऊन कारखान्यात जायची आणि रांगेत उभं राहून मोजून द्यायची. छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढी मेहनत पाण्यात. मग नवीन पानं आणि तंबाखू घेऊन घरी. पानं भिजवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, मऊ पडली की वर पत्र्याचा साचा धरून कात्रीनं कापायची. मी शेजारी बसलेली. तीन वर्षांची असेन. कापलेली पानं एकावर एक नीट लावायची, हे माझं काम. मला कुणी कामाला लावलं नव्हतं. हाताशी पानं होती, मी पानांशी खेळत होते. त्या वयाचं मूल हाताशी जे असेल त्यानंच शिकतं. माझ्या हाताशी तेंदूचं पान होतं आणि नाकातोंडात तंबाखूची धूळ.

समोर मिलचा भोंगा वाजायचा. आईला त्या मिलमधल्या बायकांचा हेवा वाटायचा. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराचं कलम होतं. पुढं ते असं झालं की तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील, तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मालकानं खोली आणि सांभाळायला बाई द्यायची. १९६६ साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, त्यातही पाळणाघर होतं. पण पाळणाघर कारखान्याच्या जागेत असतं आणि सोलापूरची विडी घरात वळली जाते. पानं घरी आली, तंबाखू घरी आला. पाळणा तेवढा कारखान्याच्या दारातच राहिला. आईचं घर हाच कारखाना, आणि त्या कारखान्यात मुलासाठी कुणी एक फूटही जागा ठेवलेली नव्हती. म्हणून विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाला सरकारी बालवाडी ही पहिली गरज आहे, हे मी आयुष्यभर सांगत आले.

आता राज्यघटनेकडे येते. मूळ ४५ व्या कलमात लिहिलं होतं की घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षं पुरी होईपर्यंत सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्यानं प्रयत्न करावा. चौदापर्यंत सगळी मुलं, म्हणजे त्यात तीन वर्षांचंही आलं. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली, शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. मोठी गोष्ट झाली. पण हक्क मिळाला सहा ते चौदाला. सहाच्या आतल्यांसाठी पुन्हा ‘प्रयत्न’ हाच शब्द उरला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात अकरावं कलम आहे, तेही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकारच्या मर्जीवर सोडतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मात्र वाक्य आहे की मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. जेव्हा मेंदू वाढतो तेव्हा हक्क नाही, आणि हक्क सुरू होतो तेव्हा बरीचशी वाढ होऊन गेलेली असते. माझा सगळा राग या एका ठिकाणी आहे आणि तो मी लपवत नाही.

त्या मोकळ्या जागेत केजी शिरली. एका खोलीत चाळीस मुलं, गळ्यात टाय, दर महिन्याला फी. विड्या वळणारी बाई पोटाला चिमटा काढून ती फी भरते. तिला दोष देऊ नका. तिला आपल्या पोराच्या हातात वही दिसते, वहीत एबीसीडी दिसते. साडेतीन वर्षांच्या मुलानं पानभर ‘ए’ गिरवायचा नसतो, त्याची बोटं अजून तयार नसतात. त्यानं माती मळायची, मणी ओवायचे, गोष्ट ऐकायची, भांडायचं, पुन्हा दोस्ती करायची. हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. अंगणवाडीत बघायला गेली तर तिला ताटल्या दिसतात आणि ती म्हणते, ‘ही खाऊची शाळा.’

त्या खाऊलाही कमी लेखू नका. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वर्षातले तीनशे दिवस पूरक आहार मिळावा असा नियम आहे. रिकाम्या पोटी कुठलं गाणं आणि कुठली गोष्ट? पण खिचडी खाऊन मूल घरी गेलं आणि मध्ये काहीच झालं नाही, तर आईचं म्हणणं बरोबरच ठरतं.

काहीच का होत नाही? इथं सेविका बसल्यात, त्यांना विचारा. एक ताई आणि एक मदतनीस. मदतनीस मुलांना घरून आणणार, झाडणार, वाढणार. ताईनं वजनं घ्यायची, गरोदर बायकांची नोंद ठेवायची, लसीकरणाच्या दिवशी आया गोळा करायच्या, गृहभेटी द्यायच्या, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचा. त्यात रेंज नसते. वरून सर्वेक्षण आलं की तेही तिच्याच गळ्यात. हे सगळं करून वेळ उरला तर गाणी-गोष्टी. सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून मी हेच केलं, आणि पहिला बळी नेहमी गाणी-गोष्टींचा जायचा. वजनाचा तक्ता रिकामा राहिला तर विचारणारं कुणी असतं. न सांगितलेल्या गोष्टीबद्दल विचारायला कुणी येत नाही.

तामिळनाडूत एक फार चांगला प्रयोग झालाय. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२० अंगणवाड्या घेतल्या. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून एक जादा बाई दिली. अर्धवेळ, आणि काम एकच, मुलांना शिकवणं. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. मुलांची भाषा आणि गणित सुधारलं, ते आपण धरून चालतोच. पण कुपोषणही कमी झालं. का? कारण पहिल्या बाईचे हात मोकळे झाले आणि ती आहाराकडे, आयांकडे लक्ष देऊ शकली. नवीन इमारत नाही, यंत्र नाही, एका बाईची भर. बालवाडी वाढवायची म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर आधी हे सांगते. फलक वाढवू नका, दुसरी बाई द्या. तिला मानधनाच्या नावाखाली राबवू नका, पगार द्या.

अमेरिकेतला एक जुना दाखला थोडक्यात देते. मिशिगन राज्यातल्या यप्सिलांटी गावात १९६२ साली गरीब घरच्या १२३ मुलांवर अभ्यास सुरू झाला. काहींना चांगली बालशाळा दिली, काहींना नाही, आणि चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. बालशाळेत गेलेली माणसं जास्त कमावत होती, पोलिसांच्या तावडीत कमी सापडली होती. त्या शाळेतल्या बाई दर आठवड्याला मुलाच्या घरी जायच्या. आईला मुलाच्या शिकण्यात सोबत घ्यायला. हे शेवटचं वाक्य सेविकांनी लक्षात ठेवा.

आता ज्यासाठी आज उभी राहिले ते सांगते.

नोकरीचं पहिलं वर्ष. भाड्याची पत्र्याची खोली, एप्रिलमध्ये आत भट्टी. एक साडेतीन वर्षांची मुलगी पंधरा दिवस येत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. परकराचं टोक तोंडात धरून भिंतीला टेकून बसायची. एक दिवस मी चित्रांचे पत्ते काढले. मांजराचं चित्र धरलं आणि विचारलं, ‘हे काय?’ पोरगी पहिल्यांदा बोलली, हळू आवाजात, ‘पिल्ली.’ मदतनीस मनानं फार चांगली बाई, ती हसून म्हणाली, ‘पिल्लू नव्हे गं, मांजर म्हण, मांजर.’ पोरीचं तोंड मिटलं. परकराचं टोक पुन्हा तोंडात.

ती चुकली नव्हती. तेलुगूत मांजराला पिल्ली म्हणतात. मला ते कळलं, कारण माझ्या आईनंही मला पिल्लीच दाखवली होती. मी खाली बसले आणि म्हणाले, ‘अवुनु, पिल्ली.’ होय, पिल्लीच. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही. कोपऱ्यातला कन्नड घरचा पोरगा ओरडला, ‘बेक्कु!’ दारातून एक म्हणाला, ‘बिल्ली है!’ मग मी म्हटलं, सगळ्यांची बरोबर. आता सगळ्यांनी मांजरासारखं ओरडून दाखवा. म्याव मात्र चारही घरांतलं सारखंच निघालं.

महिन्याभरानं तीच मुलगी मला गोष्ट सांगत होती: ‘पिल्लीनं पालू पिलं.’ नीट ऐका. पिल्ली तेलुगू, पालू म्हणजे दूध तेही तेलुगू, पण ‘नं’ मराठी आणि ‘पिलं’ मराठी. अख्खं मराठी व्याकरण तिनं कुणी न शिकवता उचललं होतं आणि त्यात आपले शब्द ओवले होते. तिला कुणी ‘चूक’ म्हटलं असतं तर ते वाक्य झालंच नसतं. पहिलीत जाईपर्यंत ‘पालू’ची जागा ‘दूध’नं आपोआप घेतली. घरी पालू, शाळेत दूध. दोन्ही तिचेच.

सोलापूरच्या मुलाला मराठी शाळेत टिकवायचं असेल तर तीन ते सहा ही तीन वर्षं त्याला या पुलासाठी मिळायला हवीत. थेट पहिलीत बसवलं की बाई मराठी बोलते, मूल तेलुगू ऐकायला कान लावून बसतं, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा मंद आहे. मी अशी हुशार मुलं चौथीत शाळा सोडताना बघितलीत.

हा विचार माझा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं. वस्तीवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. म्हणून अंगणवाडी. शिंपले, खडे, पानं, बिया, जे तिथं होतं तेच साहित्य. देशभरच्या सरकारी योजनेनं, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं, हेच नाव घेतलं. ताराबाईंनी त्यात मुलाची भाषा आणि मुलाची वस्तू ठेवली होती, तीही घ्यायला हवी. आपल्या अंगणात शिंपले नसतील, पण मागाच्या धाग्याच्या रंगीत कांड्या आहेत, चादरीचे तुकडे आहेत. चौकोन, पट्टा, लाल-हिरवा, सगळं त्यात आहे.

आणि वेळ. आई दिवसभर पान कापते, अंगणवाडी दुपारीच मिटते. उरलेला दिवस मूल पुन्हा तंबाखूजवळ. केंद्र सरकारची पाळणा योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. विडी वळणाऱ्या वस्त्यांना ती सगळ्यात आधी मिळायला हवी.

आता हिशेब. कुंभारीजवळ रे नगरमध्ये कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत उभी राहतेय. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. घरात चार माणसं धरली तर साठ हजार लोक. नियम म्हणतो, चारशे ते आठशे लोकसंख्येला एक अंगणवाडी. आठशेनं भागा. पंच्याहत्तर अंगणवाड्या येतात. सगळी तीस हजार घरं भरली की दीडशे. घर बांधताना पाणी, वीज, रस्ता यांचा हिशेब आधी होतो. हा हिशेबही त्याच कागदावर हवा.

तो होईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. १३ डिसेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिलाय. खेड्यात किंवा झोपडपट्टीत, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची. मागणी आपण करायची आहे. चाळीस नावं, वय, आईचं नाव, गल्ली. एवढंच.

मागच्या टेबलावर अर्जाचे कोरे कागद ठेवलेत. मराठीत आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, मी आणि माझ्या दोन सहकारी ताई लिहून घेऊ, तेलुगूत सांगा, कन्नडमध्ये सांगा, चालेल. उद्या सकाळी माल द्यायला रांगेत उभ्या राहाल तेव्हा पुढच्या-मागच्या बाईला विचारा, तुझं लेकरू किती वर्षांचं. रांग संपेपर्यंत चाळीस नावं होतील.