कडेआधीचा एक मीटर

विजेवर चालणारी व्हीलचेअर घेताना बहुतेकजण दोनच आकडे विचारतात: एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते, आणि वेग किती. तिसरा आकडाही पुस्तिकेत छापलेला असतो, तो म्हणजे खुर्ची किती उंचीचा अडथळा ओलांडू शकते. बऱ्याच खुर्च्यांच्या बाबतीत तो 50 ते 60 मिलिमीटरच्या आसपास असतो, तर पदपथाची पूर्ण कड साधारणतः 100 ते 150 मिलिमीटर उंच असते. म्हणजे पूर्ण उंचीची कड ही आपल्या खुर्चीसाठी नव्हेच. तिथे उतार शोधायचा, त्यासाठी वळसा पडला तरी. आज मी बोलणार आहे ते त्याहून कमी उंचीच्या कडांविषयी, ज्या ‘जमेल’ असे वाटायला लावतात.

खुर्चीच्या पुढच्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या छोट्या चाकांना कॅस्टर म्हणतात. मागून मोटर ढकलते आणि कॅस्टरला कड चढावी लागते, अशी मांडणी डोळ्यांसमोर आणा. 200 मिलिमीटर व्यासाच्या कॅस्टरपुढे 25 मिलिमीटरची कड आली, तर त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या जवळजवळ नऊ-दशांश जोर आडवा लावावा लागतो. कड 50 मिलिमीटरची झाली की हाच जोर भाराच्या पावणेदोनपट होतो, आणि कड चाकाच्या त्रिज्येएवढी, म्हणजे 100 मिलिमीटर झाली, की नुसते ढकलून चाक वर येतच नाही, मग मोटर कितीही ताकदीची असो. दोन बोटांच्या कडेवरून सहज गेलेली खुर्ची चार बोटांच्या कडेला अडून का बसते, याचे उत्तर या हिशेबात आहे. कॅस्टरवरचा भार जेवढा कमी तेवढे चढणे सोपे, हेही त्यातूनच निघते. पण म्हणून अंग मागे टाकून चढू नका, कारण चढताना खुर्ची मुळातच मागे कलत असते. शरीराला शक्य असेल त्यांनी किंचित पुढे झुकावे, आणि पट्टा सर्वांनीच बांधावा.

मोटर पुढच्या चाकांना असेल तर मोठे चाकच आधी कडेला भिडते आणि चढणे बरेच सोपे जाते. मोटर मधल्या चाकांना असेल तर खुर्ची जागच्या जागी छान वळते, पण पुढची आणि मागची छोटी चाके टेकलेली आणि मधली अधांतरी, अशी ती खोलगट जागी अडकू शकते. आपली खुर्ची कोणत्या जातीची आहे हे ठाऊक नसणारे लोक मला नेहमी भेटतात.

आता त्या एका मीटरविषयी. कडेला भिडण्याआधी खुर्ची निदान एक मीटर सरळ चाललेली असली पाहिजे. नुकतेच वळण घेतले असेल किंवा मागे सरकून आला असाल, तर कॅस्टर वेड्यावाकड्या दिशेला असतात. सरळ चालीत ते आपोआप मागे वळून रांगेत येतात. मग कडेशी काटकोन साधून दोन्ही कॅस्टर एकाच क्षणी टेकवायचे. मी स्वतः एकदा घाईत तिरका गेलो होतो. कड जेमतेम 40 मिलिमीटरची होती. डावा कॅस्टर आधी टेकला आणि चढण्याऐवजी कडेलगत आडवा वळला. खुर्चीचे तोंड रस्त्याकडे फिरले, एक चाक वर आणि दुसरे खाली, आणि मी आर्मरेस्टवर लोंबकळत जॉयस्टिक सोडून दिली. खुर्ची तिथेच तिरकी थांबली म्हणून निभावले. चढण्याची ताकद तिच्यात होती, कोन चुकला होता तो माझा.

उतरणे अधिक फसवे, कारण त्याला जोर लागत नाही. पुढे तोंड करून उतरायचे की पाठमोरे, हे खुर्चीच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे, दुसऱ्याच्या खुर्चीवरून नव्हे. वेग सर्वांत खालच्या टप्प्यावर, आसन उंच होणारे असेल तर ते पूर्ण खाली, आणि कड पुन्हा काटकोनात. अर्ध्यावर असताना जॉयस्टिक एकदम सोडली की खुर्ची झटक्याने थांबते आणि अंग पुढे फेकले जाते, म्हणून सुरुवात केली की सगळी चाके खाली येईपर्यंत हळूच पण अखंड चालत राहावे. मागे कलंडू नये म्हणून लावलेली छोटी चाके कडेवर टेकून राहिली, तर मोटरची चाके हवेत उचलली जाऊ शकतात, आणि हवेतल्या चाकाला ना पकड असते ना ब्रेकचा उपयोग.

उतार दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. 1:12 हे उताराचे प्रचलित प्रमाण आहे, म्हणजे 150 मिलिमीटर चढायला 1.8 मीटर लांबी हवी. ती नसेल तर उतार तीव्र असणारच. उतार जिथे रस्त्याला मिळतो तिथे रस्ताही पुन्हा चढत असेल तर खोलगट जागा तयार होते आणि फूटरेस्ट नेमके तिथे आपटते. पाणी साचलेले असेल तर त्या पाण्याखाली खड्डा आहे असे धरूनच चालावे. गटाराच्या जाळीच्या फटी आपल्या चालीच्या दिशेने असतील, तर कॅस्टर त्यांत अडकतो.

शेवटी मदतीला धावणाऱ्यांविषयी. बॅटरीसह खुर्ची आणि बसलेला माणूस यांचे वजन सहज 150 किलोच्या पुढे जाते. ती उचलायची नसते, आणि आर्मरेस्ट, फूटरेस्ट हे निघणारे भाग धरून तर कधीच नाही. ‘हात लावण्याआधी माझे ऐका’ हे वाक्य मी आता खणखणीत आवाजात म्हणतो. ढकलणे सोपे व्हावे म्हणून कोणी मोटर सुटी करणारा खटका ओढला, तर मोटरचे ब्रेकही त्यासोबत सुटतात आणि उतारावर खुर्ची कोणाच्याच ताब्यात राहत नाही. म्हणून मदत करणारा निघून जाण्याआधी त्यालाच खाली वाकून पाहायला सांगतो, की दोन्ही बाजूंचे खटके जागेवर आहेत ना, कारण बसल्या जागेवरून मला ते दिसत नाहीत.