पंचाहत्तर मिनिटांची नाकाबंदी

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीची वेळ. पुढे बॅरिकेड. हातात लाल काठी चमकवत उभा असलेला पोलीस. काच खाली घेतली की ती नळी तोंडासमोर येते. "फुंका." तुम्ही थेंबभरही घेतलेली नसते, पण फुंकावं लागतं. आणि फुंकता फुंकता मनात येतंच, अरे, मी केलंय काय? मलाच का थांबवलं?

हा प्रश्न क्षुल्लक नाही बरं का. यावर मोठमोठ्या न्यायाधीशांनी डोकं खपवलंय आणि त्यांचंही एकमत झालेलं नाही. दारू पिऊन गाडी चालवू नये, हे मी आज सांगणार नाही. ते घरोघरी माहीत आहे. आज बोलायचंय ते नाकाबंदीबद्दल. ती न्याय्य आहे का, कायद्याला धरून आहे का आणि तिचा उपयोग होतो का? न्याय्य, कायदेशीर, उपयोगी, असे तीन प्रश्न. आणि तिन्हींसाठी माझ्याकडे एकच गोष्ट आहे. संधी मिळेल तिथे मी ती सांगते. घरचे आता कंटाळलेत, पण तुम्ही नाही ना अजून ऐकलेली!

तर, अमेरिकेतलं मिशिगन राज्य. साल १९८६. तिथल्या राज्य पोलिसांनी ठरवलं की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी नाकाबंदी सुरू करायची. ठरवलं आणि रस्त्यावर उतरले, असं मात्र केलं नाही. आधी समिती नेमली. तिच्यात राज्य पोलीस, स्थानिक पोलीस, सरकारी वकील, शिवाय मिशिगन विद्यापीठातले वाहतुकीचे अभ्यासक. जागा कशी निवडायची, लोकांना आधी कसं कळवायचं, पोलिसाने काय करायचं, सगळं कागदावर उतरवलं. आणि मुख्य नियम असा की येईल ती गाडी थांबवायची. प्रत्येक गाडी. चालकाकडे क्षणभर बघायचं, प्यायल्याची काही खूण दिसली तरच त्याला बाजूला घ्यायचं. नाही तर, जा बाबा पुढे.

आता पुढचं ऐका. पहिली नाकाबंदी व्हायची होती, तिच्या आदल्याच दिवशी काही वाहनचालक कोर्टात गेले. त्यांना कुणी थांबवलं नव्हतं, कुणी फुंकायला लावलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आमच्याकडे परवाने आहेत, आम्ही राज्यभर गाडीने फिरतो, उद्या आम्हालाही काहीही न करता थांबवलं जाईल आणि ते आम्हाला मान्य नाही. त्यांच्यातल्या एकाचं आडनाव सित्झ, म्हणून हा खटला सित्झ खटला म्हणून ओळखला जातो.

तरीही नाकाबंदी झाली. सॅगिनॉ नावाच्या काउंटीत, म्हणजे आपण जिल्हा म्हणू. किती वेळ चालली? पंचाहत्तर मिनिटं. फक्त सव्वा तास. तेवढ्यात गाड्या आल्या १२६. प्रत्येक गाडी सरासरी थांबली २५ सेकंद. पुन्हा सांगते, कारण पुढची सगळी वादावादी याच आकड्यांवर उभी आहे: १२६ गाड्या आणि गाडीमागे २५ सेकंद. सगळ्यांचा मिळून गेलेला वेळ जमेस धरला तरी तो तासाच्या आत बसतो. सिग्नलला आपण याहून जास्त वेळ उभे असतो आणि कोर्टात जात नाही.

बरं, सापडलं कोण? दोन चालकांना बाजूला घेतलं. त्यांतल्या एकाला अटक झाली, दुसऱ्याला सोडलं. आणि मग आला तिसरा. हा थांबलाच नाही! इतके पोलीस उभे आहेत, आधीच्या गाड्या थांबताहेत, आणि हा पठ्ठ्या सरळ मधून निघून गेला. बाजूला एका गाडीत पोलीस लक्ष ठेवून बसला होता. त्याने मागे जाऊन याला अडवलं. अर्थातच प्यायलेला.

म्हणजे १२६ गाड्यांमागे दोन अटका. आणि त्या दोनांतला एक असा, की त्याला पकडायला नाकाबंदी कशाला हवी होती, साध्या गस्तीच्या गाडीलाही तो सापडलाच असता, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

खटल्याचा निकाल लागेपर्यंत पुढची नाकाबंदी करणार नाही, असं पोलिसांनी कबूल केलं. आणि निकाल लागता लागेना. खालच्या कोर्टात पोलीस हरले. राज्याच्या अपील न्यायालयातही हरले. मग प्रकरण गेलं थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. तिथे १४ जून १९९० रोजी, सहा विरुद्ध तीन मतांनी, पोलीस जिंकले. निकाल लिहिला सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांनी. त्यांनी पारडी मांडली. एकीकडे दारूड्या चालकांनी रस्त्यावर घेतलेले जीव, दुसरीकडे पंचवीस सेकंदांची अडवणूक. अडवणूक किरकोळ आहे, नियम लेखी आहेत, आणि कुणाला थांबवायचं हे रस्त्यावरचा पोलीस ठरवत नाही, कारण सगळेच थांबतात. शिवाय, उपलब्ध उपायांपैकी कुठला वापरायचा हे पोलीस खात्याने ठरवावं, कोर्टाने नव्हे.

विरोधात ज्या तिघांनी मत दिलं त्यांत न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स होते. त्यांनी शेजारच्या नव्हे, पार पूर्वेकडच्या मेरीलँड राज्यातले आकडे पुढे ठेवले. तिथे काही वर्षांत १२५ नाकाबंद्या झाल्या, ४१,००० वाहनचालक तपासले गेले, आणि अटक झाली १४३ जणांना. हजारी चारसुद्धा नाहीत. मग एवढ्या निर्दोष माणसांना रात्री अचानक अडवून रस्ता जास्त सुरक्षित झाला, याचा पुरावा कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता.

थांबा, गोष्ट अजून संपली नाही. माझा आवडता भाग तर आता येतोय. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण मिशिगनला परत पाठवलं. वर जिंकून आलेल्या पोलिसांना वाटलं असणार, चला, आता मोकळे झालो. पण प्रत्येक राज्याची स्वतःचीही राज्यघटना असते तिथे. १९९३ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देशाच्या राज्यघटनेत बसत असेल, पण आमच्या राज्याच्या घटनेत अशी संशयाशिवायची नाकाबंदी बसत नाही. झालं! ज्या राज्याच्या खटल्यामुळे साऱ्या देशात नाकाबंदीचा रस्ता मोकळा झाला, त्याच राज्यात ती बंद. आजही तिथे अशी नाकाबंदी होत नाही. पंचाहत्तर मिनिटं रस्त्यावर आणि सात वर्षं कोर्टात.

आता माझं मत. मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो नियम: प्रत्येक गाडी. त्याच सर्वोच्च न्यायालयात १९७९ साली डेलावेअर राज्याचा एक खटला आला होता. गस्तीवरच्या पोलिसाला हाती दुसरं काही काम नव्हतं, समोर एक गाडी दिसली, केली उभी. कारण काहीच नाही. कोर्टाने ते चालवून घेतलं नाही. सगळ्यांना थांबवणं एक वेळ ठीक, पण मनाला येईल त्याला थांबवणं नाही. ऐकायला उलटं वाटतं ना? एकाला अडवणं चूक आणि शंभरांना अडवणं बरोबर! पण विचार करा. सगळे थांबतात तेव्हा कुणाचा अपमान होत नाही. पोलीस निवडायला लागला की तो गाडी बघणार, कपडे बघणार, चेहरा बघणार. जुनी दुचाकी थांबेल आणि काळ्या काचांची लांबलचक गाडी सुटेल. गर्दी फार असेल तर दर पाचवी, दर दहावी गाडी घ्या, पण ती मोजून घ्या.

(आणि जाता जाता, रात्री समोरून अप्पर मारत येणाऱ्यांसाठीही एक नाकाबंदी हवी, हे माझं जुनं म्हणणं आहे. ते प्यायलेले नसतात, पण समोरच्याला आंधळं करतात. असो.)

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८. कलम १८५ प्रमाणे १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. तीस मिलीग्रॅम, लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे, म्हणजे आपला कायदा कागदावर बराच कडक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण आज मला बोलायचंय ते कलम २०३ बद्दल. गणवेशातला पोलीस श्वासाची चाचणी मागू शकतो, पण कधी? तुम्ही प्यायला आहात असा संशय यायला वाजवी कारण असेल तेव्हा. वाजवी कारण. म्हणजे वास, अडखळती जीभ, वेडीवाकडी चालणारी गाडी. कायद्याचे शब्द असे आहेत, आणि नाकाबंदीत मात्र येईल त्याच्या तोंडाला नळी लागते. या दोन्हींत अंतर आहे, आणि ते अंतर पोलिसांच्या सवयीने न भरता कायद्याने भरायला हवं, असं मला वाटतं. कॅनडाने तेच केलं. डिसेंबर २०१८ पासून तिथे, कायदेशीररीत्या थांबवलेल्या चालकाकडे संशय नसतानाही श्वासाची चाचणी मागता येते, तसं कायद्यातच लिहिलंय. पटो न पटो, निदान लिहिलेलं आहे.

आता उपयोग. इथे एक गफलत हमखास होते. दुसऱ्या दिवशी बातमी येते, इतके तळीराम पकडले. जास्त पकडले तर नाकाबंदी यशस्वी, कमी पकडले तर फुकट गेली. मला हे मापच पटत नाही. नाकाबंदीचं खरं काम पकडण्याआधीचं आहे. पहिला पेला उचलताना, आज रस्त्यात अडवतील, हे मनात येणं. पुन्हा सांगते, काम पेल्यापाशी आहे, बॅरिकेडपाशी नाही. त्या मेरीलँडच्या १४३ मध्ये, जे भीतीने प्यायलेच नाहीत ते कुठे मोजले गेले?

ब्रिटनने १९६७ मध्ये श्वासाची चाचणी आणली. आणणाऱ्या मंत्री बार्बरा कासल यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, आणि पुरुषांनी त्यावरून त्यांना काय काय ऐकवलं म्हणून सांगू! पहिल्या वर्षी मृत्यू चांगलेच घटले. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की चाचणी आहे खरी, पण आपल्याला कुणी अडवत नाही. आणि परिणाम ओसरला. कायदा तोच, दंड तोच, धाक गेला.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्सचं. तिथे १७ डिसेंबर १९८२ पासून संशय असो नसो, कुणालाही थांबवून फुंकायला लावायला सुरुवात झाली. पहिल्याच वर्षात चाचण्या दहा लाखांच्या घरात. जोडीला जाहिराती. आणि पोलीस मुद्दाम मोठ्या रस्त्यावर, सगळ्यांना दिसतील असे उभे. जीवघेणे अपघात सुमारे एक-पंचमांशाने कमी झाले आणि ते वर्षानुवर्षं कमीच राहिले. म्हणून दंड दहा हजारांचा वीस हजार करा, अशी मागणी आली की माझा उत्साह मावळतो. कधीतरी, सणावारी, एका रात्री पन्नास पोलीस उभे करण्यापेक्षा वर्षभर दर आठवड्याला चारच उभे करा, वेगवेगळ्या ठिकाणी.

यंत्राबद्दल दोनच गोष्टी. तोंड धुवायच्या औषधात अल्कोहोल असतं. नुकतीच चूळ भरली असेल तर आकडा खोटा चढू शकतो. पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा फुंकलं की तो उतरतो. तसं शांतपणे सांगा, हुज्जत नको. आणि फुंकायची नळी तुमच्यासमोर नवी लावली पाहिजे, हे मागायला लाजू नका. सुगंधी गोळी चघळून यंत्र फसत नाही. वास झाकला जातो, पण फुप्फुसातून येणाऱ्या हवेतलं अल्कोहोल तसंच राहतं.

एका श्रोत्यांचं पत्र आलंय. ते लिहितात, "नाकाबंदी कुठे आहे ते लोक मोबाइलवर एकमेकांना कळवतात. हा गुन्हा ठरवा." मला नाही तसं वाटत. मिशिगनच्या त्या समितीनेसुद्धा आधी प्रसिद्धी द्यायची असंच ठरवलं होतं. नेमकी जागा सांगू नये हे कबूल, पण आज रात्री शहरात तपासणी आहे, हे मी रेडिओवरून स्वतः सांगायला तयार आहे. ते ऐकून एखाद्याने किल्ली खिशात ठेवून टॅक्सी बोलावली, तर पोलिसांना रात्री एक आरोपी कमी मिळेल. मिळू दे की कमी.

नमस्कार.