हात बसेपर्यंत

(दृश्य : पहाट. नर्सिंग वसतिगृहाची गच्ची, दोरीवर गणवेश. खाली टँकर आल्याचा आवाज.)

नळाला पाणी आलं की नाही, यावर इथला दिवस ठरतो. गणवेश पांढरा आहे, तो रोज धुवायचा आहे, आणि बोअरच्या पाण्यात क्षार इतका की साबणाला फेस येत नाही. 2016च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखासाठी पांढरा रंग ज्यानं नेमला, त्यानं तो कधी स्वतः धुतला नसावा. पण सकाळच्या हजेरीला डाग दिसला तर बोलणी मुलीलाच बसतात.

केसांचा अंबाडा, नखं कापलेली, हातात बांगडी नाही. खिशात निळं पेन, लाल पेन, कात्री. मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ, कारण नाडी मोजायची आहे आणि वॉर्डात मोबाइल काढायला बंदी आहे.

(दृश्य : जिल्ह्याच्या रुग्णालयाचं फाटक. एसटीतून उतरणारे पेशंट, डबे, चादरी, म्हातारी माणसं.)

किनवट, गेवराई, कळमनुरी, भूम, जिंतूर, मंठा. या मुली अशा तालुक्यांतून येतात. घरी कापूस नाहीतर सोयाबीन, काही घरी कोयता. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचं, जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राची पदविका) तीन, बीएस्सी नर्सिंग चार. बहुतेक घरांत निवड एकाच वाक्यावर झालेली असते : ‘यात नोकरी लवकर लागते.’ मुलगेही आहेत. पहिलं वर्षभर गावात त्यांना विचारतात, ‘पोरीचा कोर्स कशाला घेतलास?’ वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात, आणि जड पेशंट उचलायची वेळ आली की हाक त्यांनाच जाते.

मराठवाड्यात मोठं सरकारी रुग्णालय म्हटलं की आधी छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) घाटी रुग्णालयाचं नाव निघतं. तिथलं वैद्यकीय महाविद्यालय 1956 सालचं. पुढं स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं अंबाजोगाईचं ग्रामीण महाविद्यालय आलं, मग नांदेड, लातूर. पण विद्यार्थिनीला या इतिहासाशी फार देणंघेणं नसतं. तिला आज कोणता वॉर्ड मिळाला आणि तिथली इन-चार्ज सिस्टर कशी आहे, एवढंच हवं असतं.

(दृश्य : प्रात्यक्षिक खोली. दोघीजणी चादरीचा कोपरा दुमडताहेत.)

पहिल्या वर्षी सुई हातात देत नाहीत. आधी अंथरूण घालायला शिकवतात. कोपरा असा दुमडायचा, चादर इतकी ताणायची की सुरकुती राहता कामा नये. बारावी सायन्स करून आलेल्या मुलीला हा अपमान वाटतो. ‘फिजिक्स-केमिस्ट्री केली ती चादरी घालायला का?’ ही नाराजी चांगली काही महिने टिकते. मग कधीतरी अर्धांगवायूचे आजोबा समोर येतात. घरी महिनाभर एकाच कुशीवर निजलेले, माकडहाडापाशी मुठीएवढी जखम. चादरीची घडी अंगाला रुतते, दाबलेल्या जागी रक्त पोचत नाही, दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर कातडी मरते. हे सगळं पुस्तकात होतंच. पण ड्रेसिंगचा वास नाकात गेल्यावर कुरकुर आपोआप थांबते.

(दृश्य : सलाईनचे थेंब, जवळून.)

डॉक्टर लिहून जातात : 500 मिली, आठ तासांत. थेंब किती सोडायचे ते सिस्टरनं काढायचं. साध्या सेटला, म्हणजे सलाईनच्या नळीला, एका मिलीचे 20 थेंब. पाचशे गुणिले वीस, भागिले 480 मिनिटं. मिनिटाला साधारण 21 थेंब. वर्गात हे गणित कुणाचंही सुटतं. वॉर्डात पेशंट हात वाकवतो, थेंब थांबतात. नातेवाइकाला गावची शेवटची एसटी गाठायची असते, म्हणून त्यानं मागच्या मागं नळीवरचं चाक फिरवून धार वाढवलेली असते. आणि दर दहा मिनिटांनी कोपऱ्यातून आवाज येतो, ‘ओ सिस्टर, सलाईन संपायलंय की!’

शीर शोधणं हा वेगळाच प्रकार. डमीच्या हातात शीर रोज त्याच जागी असते आणि डमी ‘माय गं’ म्हणून ओरडत नाही. मे महिन्यात जुलाब-उलट्यांनी सुकून आलेल्या माणसाची शीर बोटाखाली लागतच नाही. लागली तर सुई टोचताक्षणी सरकते. दोनदा जमलं नाही की सुई सीनियरच्या हातात द्यायची, हा नियम चांगला आहे. तिसऱ्यांदा करून बघायचा मोह मात्र सगळ्यांना होतो. आणि एके दिवशी सुईच्या मागच्या खोबणीत लाल थेंब चढतो. पेशंटला त्यात काही विशेष वाटत नाही, तो पंख्याकडे बघत पडलेला असतो. ही मात्र हातमोजे काढून थेट मैत्रिणीच्या वॉर्डात सांगायला जाते.

(दृश्य : जिन्यावर वही घेऊन उभ्या असलेल्या तिघी.)

आता सहीबद्दल. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला सगळ्यात जास्त काय छळतं, असं विचारलं तर रक्त, लघवी, मरण, यातलं काही पहिलं येत नाही. पहिली येते सही. प्रोसिजर बुक, केस स्टडी, केअर प्लॅन, ड्रग बुक, प्रसूतीची केसबुक. प्रत्येक कामासमोर एक रकाना, प्रत्येक रकान्यात सही. काम वॉर्डात होतं, सही देणाऱ्या मॅडम कॉलेजात असतात. कॉलेजात गेलं तर ‘मी बघितलं नाही, मी कशी सही करू?’ वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, ‘ए बाई, आधी ते टीपीआर (ताप, नाडी, श्वासाची नोंद) पूर्ण कर, सही कुठं पळून चालली का?’ ज्या मुलीनं रात्रभर पेशंटच्या उशाशी बसून काढली, तिच्या वहीत रकाना रिकामा. आणि शेवटच्या आठवड्यात मैत्रिणीच्या वहीतून अक्षर न अक्षर उतरवून घेणारीचं सगळं भरलेलं. ही शिक्षणाची पद्धत नाही, हिशेबाची आहे. आणि हिशेबही धड नाही.

याला दुसरी बाजू आहे, ती वॉर्डातल्या सिस्टरची. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तिन्ही पाळ्या धरून तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, म्हणजे एका पाळीत नऊ खाटांना एक. प्रत्यक्षात खाटा भरून पेशंट खाली गादीवर असतात आणि पाळीवर सिस्टर मोजक्या. अशा ठिकाणी विद्यार्थिनी आली की ती शिकायला आली आहे हे कुणाला परवडत नाही. लॅबला सँपल पोचव, स्टोअरमधून कापूस आण, रजिस्टर ओढ. कॉलेजच्या लेखी ती विद्यार्थिनी, वॉर्डाच्या लेखी फुकटचे दोन हात. रिकाम्या जागा भरल्याशिवाय हे बदलायचं नाही, मॅडम कितीही कडक असोत.

(दृश्य : मेडिसीन वॉर्ड. राउंड चाललेला.)

वर्गात शिकवणं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेली मुलगी आधी शब्दाचा अर्थ शोधते, मग आजाराचा. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, उत्तर येत असूनही गप्प राहिलेल्या मुली कुठल्याही कॉलेजात भेटतील.

वॉर्डात मात्र पारडं फिरतं. निवासी डॉक्टर कधी दुसऱ्या राज्यातले असतात, मराठी कामापुरती. ते विचारतात, ‘दुखता है? कहाँ?’ खाटेवरची म्हातारी सांगते, ‘उरात कळ यायलीय, अन् हात बधिर पडायलाय.’ मध्ये उभी असलेली दुसऱ्या वर्षाची पोरगी ते पटकन सांगून मोकळी होते. तांड्यावरून आलेल्या आजीला मराठीही नीट येत नाही. त्या दिवशी सगळ्या राउंडमध्ये गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी एकटी विद्यार्थिनी असते, जी वर्गात शेवटच्या बाकावर बसते. आजी गोळी का घेत नव्हती ते तिलाच कळतं : उपाशीपोटी घ्यायला सांगितली होती, आणि ‘उपाशी’ म्हणजे आजीनं दिवसभराचा उपास धरला होता. ही माहिती केस पेपरवर कुठंच नव्हती.

(दृश्य : प्रसूतिगृहाचं दार. बाहेर ताटकळणारी सासू.)

प्रसूतिगृहातली पहिली पाळी कुणी विसरत नाही, आणि ती फारशी सुंदरही नसते. घाम, आरडाओरडा, काही ठिकाणी बाईला दरडावणंही. ते थांबवायची ताकद विद्यार्थिनीकडे नसते. ती फक्त कंबर चोळू शकते, पाणी पाजू शकते, ‘ताई, माझ्याकडं बघा’ म्हणू शकते. मग बाळ येतं. एका मिनिटानं आणि पाचव्या मिनिटाला पाच गोष्टी बघायच्या : रंग, ठोके, प्रतिसाद, हातापायांची ताकद, श्वास. प्रत्येकी जास्तीत जास्त दोन गुण, एकूण दहापैकी. व्हर्जिनिया अ‍ॅपगार या डॉक्टर बाईंनी ही मोजणी 1950च्या दशकात मांडली, आणि ती आजही तशीच वहीत लिहायची असते. निळं पडलेलं बाळ पुसता पुसता गुलाबी होतं आणि रडतं. बाहेर सासू विचारते, ‘काय झालं?’ मुलगी झाली म्हटल्यावर तोंड उतरलेलंही बघावं लागतं. तरीही, चार दिवसांनी घरी जाताना तीच सासू हातावर पेढा ठेवते आणि म्हणते, ‘माय, तू होतीस म्हणून बरं झालं.’ तो पेढा हॉस्टेलवर चौघींत वाटला जातो.

(दृश्य : तांड्याकडे जाणारा कच्चा रस्ता. हातात पिशव्या घेतलेला गट.)

कम्युनिटी पोस्टिंगला पिशवी थेट जमिनीवर ठेवायची नाही, खाली वर्तमानपत्र पसरायचं. बीडकडं दिवाळीनंतर घरं अर्धी रिकामी. जवान माणसं ऊसतोडीला गेलेली, मागं म्हातारी आणि लहान लेकरं. लसीकरणाच्या यादीतलं नाव घरात नसतं, ते कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 साली सरकारला समिती नेमावी लागली. या मुलींतल्या काहींना ती गोष्ट बातमीतून कळली नव्हती. ती त्यांच्या चुलतीची, मावशीची होती. त्या ओसरीवर बसून पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल विचारतात तेव्हा बाया बोलतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे मिळायला वर्ष लागेल.

(दृश्य : शेवटचं वर्ष. खोलीत सामान बांधणं चाललेलं.)

परीक्षा, निकाल, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आणि मग सरकारी जागेची जाहिरात निघायची वाट. तोवर खासगी दवाखाना. इथल्या शहरांत पगार इतका कमी की खोलीभाडं देऊन हातात काही उरत नाही, म्हणून बॅगा पुण्या-मुंबईकडं निघतात. काहीजणी आखाताचे अर्ज भरतात, काही जर्मन भाषेचा क्लास लावतात. गोरमाटीतून समजावणारी ती मुलगीही पुण्यालाच चाललीय. गावाजवळच्या उपकेंद्रात का नाही, असं विचारलं तर ती बॅगेची चेन ओढत म्हणते, ‘भरती काढा ना. मला काय पुण्याची हौस आलीय का?’